सॉफ्टवेअर नवीन घ्या, पण नंबर जुनेच राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या वाचनालयात दोन महिन्यांपूर्वी जुना साध्या पीएचपी भाषेतला प्रोग्रॅम काढून लारावेलमधला (पीएचपीतच प्रोग्रॅम बांधायचा तयार सांगाडा) नवीन बसवला. मी डेटाबेसचंच काम करतो आणि शाळेपासून इथला सभासद आहे म्हणून हे पत्र. पुस्तकं सगळी आली, सभासद सगळे आले, मोजदाद बरोबर, पण माझ्या खात्यावर जे पुस्तक दिसतंय ते मी कधी हातातसुद्धा घेतलेलं नाही आणि शेजारच्या काकूंना न नेलेल्या पुस्तकाचा दंड लागला.

झालं काय, तर जुन्या यादीत 212 नंबर रिकामा होता, त्या सभासदाचं नाव कधीच कमी झालेलं. नवीन टेबलने, म्हणजे डेटाबेसमधल्या सभासदांच्या तक्त्याने, 1 पासून सलग नंबर दिले, त्यामुळे 213 चा झाला 212, आणि तिथून पुढे सगळी रांग सरकली, पुढे जिथे जिथे नाव कमी झालेलं तिथे अजून एकेक. कोणी कोणतं पुस्तक नेलं त्या देवघेवीच्या टेबलात मात्र जुनेच नंबर राहिले! शेवटचे थोडे सोडले तर प्रत्येक नंबरवर कोणी ना कोणी माणूस सापडतोच, म्हणून प्रोग्रॅम कुठे अडत नाही. फॉरेन की, म्हणजे देवघेवीतला नंबर सभासदांच्या यादीत असलाच पाहिजे ही अट, लावलेली असती तर त्या शेवटच्या नंबरांना तरी एरर आला असता. तपासणाऱ्यांनी पहिली पन्नास नावं बघितली, ती बरोबरच होती.

लारावेलमध्ये क्रिएट ही आज्ञा वापरून रेकॉर्ड भरलं आणि आयडी, म्हणजे हा नंबर, फिलेबलच्या (भरायची परवानगी असलेल्या कॉलमांच्या) यादीत नसेल तर तो गुपचूप गाळला जातो, हे करणाऱ्याला माहीत असायलाच हवं. सरळ आयडीसकट इन्सर्ट करायचं, आधी सभासद आणि पुस्तकं, मग देवघेव. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर नंतर सीक्वेन्स, म्हणजे पुढचा नंबर देणारा काउंटर, सगळ्यात मोठ्या नंबरच्या पुढे न्यायचा, नाहीतर पहिलाच नवीन सभासद भरताना डुप्लिकेट की (तोच नंबर दुसऱ्यांदा) म्हणून अडतं. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस असेल तर तो हे स्वतःच करतो. दोन शाखांचे नंबर एकमेकांवर येत असतील तर नवीन नंबर द्यावेच लागतात, मान्य, पण मग जुना नंबर वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि देवघेव त्यावरून जुळवून घ्या.

पुस्तकांचं तर अजून अवघड आहे हो, दाखल नंबर पुस्तकाच्या आत शाईने लिहिलेला असतो, दाखल रजिस्टरमध्ये असतो, तो कम्प्युटरने बदलून कसं चालेल?

वाचनालयांच्या कार्यकारिणीला माझी कळकळीची विनंती आहे, काम देताना करारातच लिहून घ्या की जुने नंबर जसेच्या तसे येतील, आणि तपासताना मधली आणि शेवटची नावं काढून बघा, तीसुद्धा पहिलं पुस्तक द्यायच्या आधी. आमच्याकडे जुन्या डेटाची प्रत आहे पण ती आता नुसती परत भरता येत नाही, कारण दोन महिन्यांची नवीन देवघेव नवीन नंबरांवर चढलीये, त्यामुळे ग्रंथपाल बाई आणि मी रोज संध्याकाळी कागदी कार्डं घेऊन एकेक खातं जुळवतोय, काल 340 पर्यंत आलो.

आपला,
एक वाचनालय सभासद