शर्यत रद्द करण्याआधी घाट एकदा पायी उतरून पाहा : क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री,
सप्रेम नमस्कार.

विषय : डोंगरचढ मोटार शर्यत रद्द करण्याच्या आदेशाचा फेरविचार

आपल्या आदेशात तीन कारणं आहेत : प्रेक्षकांची सुरक्षितता, रस्ता बंद राहिल्याने होणारा त्रास आणि डोंगराची हानी. तिन्ही खरी आहेत. वळणावर झेंडा घेऊन उभी राहणारी, गाड्या तपासणारी, वेळ नोंदवणारी आम्ही मंडळी ती नाकारत नाही. मात्र या तिन्हींवर मोजूनमापून करता येतील असे उपाय आहेत आणि आदेशात त्यांचा उल्लेखही नाही.

आधी या शर्यतीचं स्वरूप. ट्रॅकवर वीस-बावीस गाड्या एकदम सुटतात आणि एकमेकींना घासत पहिल्या वळणात शिरतात. डोंगरचढीत घाटाच्या पायथ्यापासून गाडी एकटी सुटते आणि तिची झुंज फक्त घड्याळाशी असते. 11 जून 1955 रोजी फ्रान्समधल्या ले मान्सच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत 80 हून अधिक माणसं गेली, तेव्हा स्वित्झर्लंडने आपल्या हद्दीत ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदी घातली. डोंगरचढ मात्र चालू ठेवली. इतक्या कडक देशानेही हा फरक ओळखला होता.

फरक आहे म्हणून धोका नाही, असं नव्हे. हा खेळ 1897 पासूनचा, फ्रान्समधल्या नीस ते ला तुर्बी या चढणीइतका जुना. त्याच चढणीवर मार्च 1900 मध्ये विल्हेल्म बाउअर या चालकाची डाइमलर पहिल्याच वळणावर खडकावर आदळली आणि तो दगावला. गाडी उंच, आखूड आणि पुढून जड होती, वळणात ती उलथायचीच. डाइमलर कंपनी शर्यती सोडायला निघाली होती, पण तिच्या गाड्या विकणारा व्यापारी एमिल येलिनेक हटून बसला : गाडी लांब करा, रुंद करा, वजन खाली आणा. कंपनीचा अभियंता विल्हेल्म मायबाखने तशी गाडी बांधली, तिला मर्सिडीज नाव मिळालं आणि 1901 मध्ये तिने तीच चढण जिंकली. अपघात का झाला हे तिथे कुणीतरी विचारलं. आपल्या आदेशात नेमका हाच प्रश्न नाही.

‘रद्द’ आणि ‘नेहमीसारखी’ यांच्या मधे बऱ्याच पायऱ्या असतात. अमेरिकेतली पाइक्स पीक ही शर्यत 1916 पासूनची. 156 वळणं, जवळजवळ 20 किलोमीटर, शेवट 4,302 मीटर उंचीवर. 2012 मध्ये जवळच्या जंगलात वणवा पेटला, शर्यत जुलैतून ऑगस्टमध्ये ढकलली. 2020 मध्ये साथीमुळे ती प्रेक्षकांविना झाली. 2021 मध्ये माथ्यावर बर्फ होतं, तेव्हा वरचा भाग सोडून शेवटची रेषा खाली आणली. 2019 मध्ये शेवटच्या रेषेजवळ एक मोटारसायकलस्वार दगावला, त्यानंतर दुचाकींचा गट काढून टाकला. यातलं काहीही आपल्याला करता आलं असतं.

आता प्रेक्षक. गर्दी नेहमी हेअरपिनच्या, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या तीव्र वळणाच्या, बाहेरच्या बाजूला जमते, कारण गाडी तिथून सर्वांत जास्त वेळ दिसते. आणि गाडी जाते तीही तिथेच. ब्रेक उशिरा लागले किंवा लागलेच नाहीत, तर ती वळण न घेता सरळ बाहेर जाते. लागले, वळलीही, पण चालकाने ॲक्सिलरेटर लवकर दाबला, तर मागची चाकं सुटतात आणि वळण संपता संपता ती पुन्हा बाहेरच्याच कडेला फेकली जाते. म्हणजे प्रवेशाची बाहेरची बाजू आणि निर्गमाची बाहेरची बाजू, दोन्ही पूर्ण मोकळ्या हव्यात. आतली बाजूही निर्धोक नाही, गिरकी घेतलेली गाडी आत येते. माणसं बसवायची ती ब्रेक लागण्याच्या जागेच्या अलीकडे, डोंगर कापलेल्या बाजूच्या बांधावर, रस्त्यापासून निदान तीन मीटर उंच. दोरी उपयोगाची नाही, लोक ती उचलून आत येतात. जाळीचं कुंपण हवं आणि प्रत्येक जागेवर गाडी थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस. एखादा प्रेक्षक बंद भागात शिरला, तर तो बाहेर निघेपर्यंत पुढची गाडी सोडायची नाही. हा नियम दोनदा पाळून दाखवला की गर्दी स्वतःच शिस्त लावते.

रेलिंगबद्दल. घाटातली पत्र्याची रेलिंग नेहमीच्या वाहनांच्या उंचीला धरून बसवलेली असते. तिच्याखालच्या फटीतून शर्यतीची बुटकी गाडी नाकाने आत घुसते आणि खांबाला अडकते. त्या फटीत दुसरी पट्टी बोल्टने बसवावी लागते. गवताच्या गठड्या स्वस्त पडतात म्हणून सगळे त्याच लावतात, पण पाऊस पडला की त्या दगडासारख्या जड होतात आणि उन्हात पेट घेतात. त्याऐवजी जुन्या टायरच्या तीन रांगा, एकमेकींना बोल्टने जखडून, पुढे कन्व्हेयर बेल्टचा पट्टा. नुसते रचलेले टायर पहिल्याच धडकेत रस्त्यावर विखुरतात आणि मागून येणाऱ्या गाडीचा घात करतात.

मार्शलच्या, म्हणजे वळणावर झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्यांच्या, चौक्यांचं अंतर किलोमीटरवर ठरवू नये, नजरेवर ठरवावं : प्रत्येक चौकीतून पुढची आणि मागची चौकी दिसलीच पाहिजे. धुक्यात एकीतून दुसरी दिसेनाशी झाली की शर्यत थांबली, त्यावर चर्चा नाही. वायरलेसच्या भरवशावर राहू नये, डोंगराच्या कुशीत तो हमखास मुका होतो. लाल, पिवळा आणि पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा निसरड्यासाठीचा, हे झेंडे प्रत्येक चौकीत हवेत. सोबत सहा किलोची दोन अग्निशामक नळकांडी, सांडलेल्या तेलावर टाकायला कोरडी सिमेंटची पोती, फावडं, झाडू. चढायला चार मिनिटं लागत असतील आणि गाड्या मिनिटामिनिटाने सुटत असतील, तर घाटात एका वेळी चार गाड्या असतात. आंधळ्या वळणापलीकडे पहिली बंद पडली तर दुसरीला कळवणारा फक्त तो झेंडा असतो.

रुग्णवाहिका फक्त पायथ्याशी ठेवणं ही सर्वांत नेहमीची चूक. बंद रस्त्यावर ती गाड्यांच्या दिशेनेच, म्हणजे वरच चढू शकते. म्हणून एक पायथ्याशी आणि एक मधल्या टप्प्यावर हवी. अपघात मधल्या टप्प्याच्या खाली झाला तर खालची निघते, वर झाला तर मधली. दोन्हींत पत्रा कापण्याची कात्री आणि भूल देऊ शकणारा डॉक्टर.

गाड्यांची तपासणी ही आमची बाजू, तिथे सवलत मागत नाही. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी चालक चिरडू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा पिंजरा, सहा ठिकाणी जखडलेला सीटचा पट्टा, मानेला आधार देणारं हॅन्स हे साधन. इंजिनच्या वाफेतून येणारं तेल झेलणारी टाकी : दोन लिटरपर्यंतच्या इंजिनाला दोन लिटरची, त्याहून मोठ्याला तीन लिटरची. बाहेरून वीज तोडायचं बटण, निळ्या त्रिकोणातल्या लाल विजेच्या खुणेसह. विजेवरच्या गाड्यांसाठी मार्शलना रबरी हातमोजे आणि नारिंगी केबलला हात न लावण्याची सक्त ताकीद.

डोंगराच्या हानीचं म्हणाल, तर गाड्या काही किलोमीटरच धावतात. इंधन जास्त जळतं ते प्रेक्षकांच्या गाड्यांत. त्या पायथ्याशी अडवून वर बसने न्या. प्रत्येक शर्यतीच्या गाडीखाली तेल न झिरपणारी ताडपत्री सक्तीची करा, पक्ष्यांच्या विणीचे महिने टाळा. रस्ता बंद ठेवायचा तर पहाटेपासून दुपारपर्यंत, आणि दर दोन तासांनी गावकरी, दूधवाले, शाळेची गाडी यांच्यासाठी अर्धा तास उघडा. वर गेलेल्या गाड्या ताफ्याने, पुढे पाहणी गाडी ठेवून, त्याच वेळात खाली आणता येतात.

एक वर्ष खंड पडला की काय होतं तेही सांगतो. तरबेज मार्शल दुसऱ्या शर्यतींकडे जातात आणि नवा माणूस एकट्याने चौकी सांभाळण्याजोगा व्हायला दोन-तीन मोसम जातात. वार्षिक वेळापत्रकातली तारीख दुसरा कुणी घेतो. आणि ज्यांना चढच मारायचा असतो ते रात्री, उघड्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्या ट्रकसमोर तो मारतात. त्यांची तपासणी आमच्याकडून होत नाही.

म्हणून मागणी अशी. आदेश स्थगित करावा आणि शर्यतीची नवी तारीख तीन महिन्यांनंतरची धरावी. त्याआधी आपल्या खात्याचा अधिकारी, वाहतूक पोलीस, बांधकाम खात्याचा अभियंता, वनखात्याचा माणूस आणि आमचे दोन मार्शल यांनी मिळून घाटाची पाहणी करावी. जी वळणं सुरक्षित करता येणार नाहीत ती वगळून मार्ग छोटा करावा, आमची हरकत नाही. फक्त ही पाहणी पायी व्हावी, वरून खाली. गाडीत बसून रेलिंगखालची फट दिसत नाही.

आपले,
शर्यतीचे मार्शल, तांत्रिक तपासनीस आणि वेळनोंदणी करणारे