दुसरा आलेला युरी लॉसमन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑलिंपिक जवळ आले की आपल्या क्रीडा पानांवर फडेप्पा दरेप्पा चौगुले यांची आठवण निघते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. बेळगावकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. मात्र त्या दिवशी त्या रस्त्यावर आणखी काय घडले, हे आपल्याकडे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र, युरी लॉसमन या एस्टोनियन धावपटूविषयी.

लॉसमन १८९१ साली रशियन साम्राज्यात जन्मला. सोन्याचांदीचे काम करणारा हा कारागीर. त्याच्या एस्टोनियाने १९१८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, ते टिकवायला लढाई केली, आणि फेब्रुवारी १९२० मध्ये तार्तूच्या तहाने रशियाकडून त्याला मान्यता मिळवली. त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी हा चिमुकला देश स्वतःच्या झेंड्याखाली प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला.

२२ ऑगस्टची ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकमध्ये इतके लांब अंतर आधी कधी नव्हते, नंतरही कधी झाले नाही. हवा थंड आणि पावसाळी. अर्धे अंतर होईतो दक्षिण आफ्रिकेचा ख्रिश्चन गिटशॅम आणि फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन जोडीने पुढे होते. कोलेहमाइनेन म्हणजे १९१२ मध्ये तीन सुवर्णपदके जिंकलेला दिग्गज. पुढे गिटशॅम मागे पडला आणि त्याने शर्यत सोडली. आता कोलेहमाइनेनला गाठू शकेल असा एकच माणूस उरला होता, २९ वर्षांचा लॉसमन. त्याने अंतर कमी करत आणले, पण रस्ता संपला. कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद, लॉसमन २ तास ३२ मिनिटे ४८.६ सेकंद.

फरक १२.८ सेकंदांचा! त्यांचा सरासरी वेग धरला तर जेमतेम ६० मीटर. पहिल्या दोघांत इतकी चुरस पुरुषांच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये तोवर झाली नव्हती, आणि १९९६ पर्यंत पुन्हा झाली नाही. शिवाय आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा तो मार्ग अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होता, तरीही दोघांनी तोवरच्या जागतिक विक्रमापेक्षा कमी वेळ घेतला. असे धावूनही लॉसमन दुसराच. माझ्या मते त्या ऑलिंपिकमधली ही सर्वांत मोठी कामगिरी आहे, भले सुवर्णपदक दुसऱ्याच्या गळ्यात पडले असेल.

त्यानंतर सुमारे १८ मिनिटांनी आपले चौगुले आले. दुसरे भारतीय धावपटू सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी पळणारी मुले पाहून सर दोराबजी टाटांनी हा संघ पाठवण्याचा ध्यास घेतला होता, हे अनेकांना ठाऊक असेल. एस्टोनियाचा संघ स्वतंत्र देशाचा होता, आपला पारतंत्र्यातला. हा फरक मला सारखा जाणवतो.

लॉसमन १९२४ ला पॅरिसच्या मॅरेथॉनमध्येही धावला, दहावा आला. मग काळ फिरला. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी एस्टोनिया गिळला, पाठोपाठ जर्मन आले, आणि १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा पुन्हा चालून येऊ लागल्या तेव्हा हजारो एस्टोनियन मिळेल त्या होडीने बाल्टिक समुद्र ओलांडून स्वीडनला पळाले. त्या वर्षी देश सोडणाऱ्यांत लॉसमनही होता. १९८४ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी तो स्टॉकहोममध्ये वारला. ज्या देशासाठी तो धावला, तो पुन्हा स्वतंत्र व्हायला अजून सात वर्षे होती. हे वाचल्यापासून मला फार हळहळ वाटते आहे.

माझी विनंती एवढीच, की त्या मॅरेथॉनवर आपण एक सविस्तर लेख छापावा. चौगुले आणि दातार यांच्यासोबत लॉसमनलाही त्यात जागा द्यावी. बेळगाव, पुणे आणि कोल्हापूर भागातील ज्या घरांत १९२० च्या भारतीय संघाची छायाचित्रे, पत्रे किंवा जुनी कात्रणे असतील, त्यांना ती पाठवण्याचे आवाहनही आपण करावे. एवढ्या वर्षांत त्यांतली बरीच जीर्ण झाली असतील, तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये.

आपला,
एक वाचक, बेळगाव