तार उत्तर-दक्षिण बांधलीय

ती. नाना, सौ. आई आणि मोठ्या आईला साष्टांग नमस्कार. ताईला, दाजींना नमस्कार, पिंकीला खूप खूप पापे.

पहिले हे सांगतो की मी इथं जर्मनीत मजेत आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं, थंडी कमी झाली तरी जॅकेट घालूनच बाहेर पडतो. बाकी ऑफिस, ट्रेन, कुकर हे रोज फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. पत्र यासाठी लिहून राहिलो की परवा व्हिडिओ कॉलवर खिडकीमागं ती काळी तार दिसली आणि आई जी घाबरली ती काही ऐकूनच घेईना, नाना नुसतं "हं" म्हणाले आणि फोन मोठ्या आईकडं देऊन टाकला. फोनवर मला नीट सांगता येत नाही, मधेच नेट जातं, मधेच कोणी भेटायला येतं. म्हणून सगळं टाईप केलंय. ताई, तू ओट्यावर बसून वाचून दाखव, आणि हळू वाच.

तर ती तार विजेची नाही, अँटेना आहे. आजोबांच्या मोठ्या रेडिओला ओसरीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची चपटी पट्टी ताणलेली होती, आठवतं ना नाना, तसलाच प्रकार. फरक एवढाच की त्या पट्टीनं नुसतं ऐकू यायचं, माझ्या तारेनं बोलता पण येतं. याला हॅम रेडिओ म्हणतात. मधे कंपनी नाही, टॉवर नाही, इंटरनेट नाही. माझ्या खोलीतल्या डब्यातून आवाज तारेत जातो, तारेतून वर आभाळात, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर उन्हानं तयार झालेला एक थर असतो त्याच्यावर आपटून परत खाली येतो, कुठंतरी लांबच्या देशात.

आई, पोलीस वगैरे काही येणार नाहीत. इथल्या सरकारी खात्याची, बुंडेसनेत्सआगेंटुर नाव आहे त्याचं, रीतसर परीक्षा दिलीय, तीन पायऱ्यांची, सगळी जर्मन भाषेत. सगळा हिवाळा त्याच्यात गेला, तेव्हा रविवारी फोन लवकर ठेवायचो ते या अभ्यासामुळं, दुसरं काही नव्हतं. आपल्याकडं पण हे लायसन मिळतं, राजीव गांधींकडं होतं, त्यांचं कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं सरकारी नाव, व्हीयू टू आरजी. आणि नाना विचारतील याचा उपयोग काय, तर २००४ ला सुनामी आली तेव्हा आपल्या देशातले हॅम लोक आधीच अंदमानात रेडिओ घेऊन गेलेले होते, तिथले फोन बंद पडल्यावर त्यांनीच लोकांचे निरोप बाहेर पोचवले.

आता तार बांधायची गोष्ट. इथं एक म्हातारे आजोबा आहेत, चाळीस वर्षांपासून यात आहेत, मला मुलासारखं शिकवतात. ते म्हणाले तार घरापासून सायकलींच्या शेडपर्यंत ओढ, सोपं पडेल, अर्ध्या तासाचं काम. पण शेड पूर्वेला आहे. अशी अँटेना तारेच्या दोन्ही कुशींना जास्त बोलते, टोकांच्या दिशेला कमी. मग मी आपल्या घराची दिशा काढली. मला वाटायचं भारत इथून खाली दक्षिणेकडं तिरपा असेल, नकाशात तसाच दिसतो. पण पृथ्वी गोल असल्यामुळं जवळचा रस्ता वेगळा निघतो. माझ्या इथून, कासेलपासून, जळगाव साडेसहा हजार किलोमीटर आणि दिशा जवळपास सरळ पूर्व, जेमतेम पाच अंश दक्षिणेकडं. म्हणजे सकाळी माझ्या खिडकीत ऊन येतं त्याच बाजूला तुम्ही आहात. शेडपर्यंत तार नेली असती तर तिचं टोक आपल्या घराकडं आणि कुशी भलतीकडं झाल्या असत्या. मी म्हटलं नाही, उत्तर-दक्षिणच बांधायची. उत्तरेला बागेच्या टोकाला लिंडनचं उंच झाड आहे. आजोबा म्हणाले तिथं शिडी पोचणार नाही. मी म्हटलं बघू.

तारेचं दुसरं टोक बांधायला भिंतीत हुक बसवायचा होता तेव्हा एक घोटाळा झाला, तो सांगतोच कारण तुम्हाला खरं वाटणार नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता मी ड्रिल मशीन लावलं. दोन मिनिटं पण झाली नसतील तर घरमालकीणबाई वर आल्या. रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा असा होता जसं मी कोणाच्या दहाव्याला डीजे लावलाय. इथं रविवारी आवाज करायचा नाही. म्हणजे नुसती रीत नाही, कायदा आहे. ड्रिल नाही, हातोडा नाही, गवत कापायचं मशीन नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या चौकातल्या मोठ्या डब्यात टाकायच्या असतात, त्या सुद्धा रविवारी टाकायच्या नाहीत, खळकन आवाज होतो म्हणून. दुकानं बंद. रोज रात्री दहा ते सकाळी सहा पण तसंच. मी म्हटलं हे लिहिलंय कुठं, तर राज्यघटनेत निघालं! १९१९ च्या त्यांच्या जुन्या घटनेत एक कलम होतं की रविवार हा कामाच्या विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्यानं राखला जाईल, ते १९४९ च्या नव्या घटनेत जसंच्या तसं ठेवलं. आपल्याकडं रविवारी पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, लग्नाचा बँड सगळं एकदम चालतं, आणि इथं रविवारी रस्त्यावर माझ्याच बुटाचा आवाज मला ऐकू येतो. पहिल्या वर्षी त्या शांततेचा फार त्रास व्हायचा. आता तसं नाही. पण शनिवारी मला धुणं, बाजार असतो, त्यामुळं एका हुकासाठी तीन आठवडे गेले.

झाडावर मात्र मी चढलो नाही. मोठ्या आईची शपथ. बारीक दोरीला मूठभर वाळूची पिशवी बांधली, खालून झुलवली आणि सोडली. नाना, तुम्ही ज्वारीत माळ्यावर उभं करून गोफण शिकवली होती ना, हात कधी मोकळा करायचा ते, तेच डोक्यात होतं. दुसऱ्या खेपेला पिशवी बरोबर पाहिजे त्या फांदीवरून पलीकडं पडली. दहा मीटर उंची. आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं कुठं शिकलास, तर मी म्हटलं माझ्या वडिलांच्या शेतात, पाखरं हाकलायला. मग त्या बारीक दोरीनं जाड दोरी ओढली, तिला कप्पी लावली, आता तार विहिरीच्या बादलीसारखी खाली-वर करता येते.

पण खरं काम तार मापाची करायचं. ज्या लहरींवर बोलायचं त्यांच्या मेगाहर्ट्झनं १४३ ला भागलं की मीटरमधे लांबी येते, माझ्या बँडला, म्हणजे लहरींच्या पट्ट्याला, साधारण दहा मीटर, मधोमध तोडून दोन बाजू, मधे केबल. वर प्लास्टिकचं कव्हर असलं तर तार अजून थोडी कमी लागते. मी दोन्ही बाजू ५ मीटर २० सेंटीमीटर धरून सुरुवात केली. तार छातीएवढ्या उंचीवर ठेवली, मोबाईलएवढं एक मोजायचं यंत्र येतं ते लावलं, तर तारेचा सूर लागला १३.०६ मेगाहर्ट्झवर. मला पाहिजे १४.१५. तार लांब असली की सूर खाली, म्हणून कापायची. दोन बोटं कापली, बघितलं, परत दोन बोटं. दर दहा सेंटीमीटरला पाव मेगाहर्ट्झ वर सरकतं. असं करत ४ मीटर ८० ला बरोबर १४.१५ आलं, मी खूश, तार ओढली वर. वर गेल्यावर बघतो तर १४.३८! बँडच संपतो १४.३५० ला. जमिनीजवळ तार असली की सूर खाली दिसतो, वर नेली की चढतो, हे मला वाचून माहीत होतं तरी कापताना सुचलं नाही. आणि कापलेली तार काही परत लांब होत नाही.

आई, तेव्हा तू डोळ्यासमोर आलीस. तू ब्लाउज कापताना शिवणीत दोन बोटं माया सोडतेस, आणि ताईच्या लग्नातला पोपटी ब्लाउज पिंकी झाल्यावर त्याच मायेतून तू उसवून मोठा करून दिला होतास. मी तारेला माया सोडलीच नव्हती. मग दोन्ही टोकांना वीतभर तार सोल्डर करून जोडली, आणि या वेळी कापली नाही, टोक मागं दुमडून चिकटपट्टी लावली. खाली घ्यायची, बोटभर सोडायची, वर ओढायची, मोजायची. सात वेळा केलं. ४ मीटर ८८ ला सूर बसला. दुमडलेली तार अजून तशीच आहे, पुढं कधी लागली तर असू दे.

नाना, तुम्ही विचाराल एवढं मापाचं काय अडलंय. आपण मोटार चालू असताना व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाण्याचा दणका पाइपातून मागं येतो, मागच्या साली जॉइंट उडाला होता तसा. इथं तेच, तारेचं माप चुकलं की पाठवलेली ताकद मागं फिरते. ते मोजायच्या आकड्याला एसडब्ल्यूआर म्हणतात, तो ३ असला की चौथा हिस्सा परत येतो, मशीन तापतं. माझा आता १.२ आहे, म्हणजे जवळपास सगळं पुढं जातं.

आणि आभाळातल्या विजेचं. ढग दिसले, किंवा हवामान खात्याचा इशारा मोबाईलवर आला, की मी केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर ठेवतो. ऑफिसला जाताना रोज काढूनच जातो. रेडिएशनचं दाजी म्हणाले, तर ताकद शंभर वॉट आहे, आणि इथं दहा वॉटच्या वर जायचं तर माणसापासून किती अंतर पाहिजे याचा हिशोब करून सरकारला द्यावा लागतो. तो दिला, मगच बटण दाबलं. आता यावर परत विचारू नका, कृपा करा.

गेल्या शनिवारी दुपारी चार वाजता, तुमच्याकडं साडेसात, रेडिओ लावून बसलो होतो. खरखर चालू होती, त्यात एक आवाज व्हीयू म्हणाला, म्हणजे भारतातलं कॉलसाईन. मी माझं कॉलसाईन तीन वेळा सांगितलं. ते पुण्याचे निघाले. दोन वाक्यं इंग्रजीत झाली आणि मग त्यांनी विचारलं, मराठी का? मी हो म्हटलं. गाव कुठलं विचारलं, मी म्हटलं जळगाव जिल्हा, चोपडा. ते म्हणाले, "अरे वा, केळीवाले." बस, एवढंच. त्यांच्याकडं वळवाचं वातावरण झालं होतं, मागं प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली, नाना, खरंच ऐकू आली, शिट्टी त्या आभाळातून आली. चार मिनिटांत आवाज खाली गेला आणि मग नुसती खरखर. मी बराच वेळ हेडफोन काढला नाही. आई, तुझ्याशी असं बोलता येणार नाही, घरच्या बाजूला पण लायसनवालं माणूस लागतं, म्हणून रागावू नको. फोन आहेच, रोज करीन.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. दाजींनी मला सांगितलं की मार्चअखेरला सोसायटीचं कर्ज भरायला पैसे कमी पडले आणि तुम्ही ताईकडून घेतले. मला का नाही सांगितलं? फेब्रुवारीत मी कमी पाठवले ते या रेडिओमुळं. वापरलेला घेतलाय, ४०० युरोला, पण घेतला हे खरं आहे. सोमवारी १ लाख २० हजार पाठवलेत, त्यातून आधी ताईचे द्या, मग ठिबकच्या नळ्या. ताई, तू नाही म्हणू नको.

आखाजीला माझं येणं होत नाही. मोठी आई फोनवर "कव्हय येशी रे भाऊ" म्हणते तेव्हा मी हसून विषय बदलतो, तिला सांगा की दिवाळीला नक्की, तिकीट जूनमधे काढतो. खापरावरचे मांडे माझ्या वाट्याचे पिंकीला द्या. आणि अजून एक. इथलं काँट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढलं. मी सही केली. तुम्हाला विचारून करायला पाहिजे होती, पण उत्तर तीन दिवसांत द्यायचं होतं आणि मला भीती वाटली की तुमचा आवाज ऐकला तर मी नाही म्हणेन.

शिरपूरच्या स्थळाचं, मुलीशी दोनदा बोललो, फार समजूतदार वाटली, फार्मसी झालीय. मला आवडली. पण तिच्या घरच्यांना ही दोन वर्षांची गोष्ट आजच सांगा, सुपारी फुटल्यावर नको. पुढं हो-नाही ते त्यांनी ठरवू दे.

आई, डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन ये. नाना, उन्हात दुपारी शेतात जाऊ नका.

तुमचा,
बापू

ता. क. नाना, विहिरीपासून चिंचेपर्यंत किती पावलं होतात ते मोजून ताईकडं सांगा, आणि ती रेघ उत्तर-दक्षिण आहे का तेवढं बघा. दिवाळीत आलो की आपल्याकडच्या लायसनच्या परीक्षेची चौकशी करीन.