तक्रार: टॉर्क रेंचवर न्यूटन-मीटर आणि फूट-पाऊंड यांच्या पट्ट्यांची अदलाबदल

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
प्रत: गुणवत्ता विभागप्रमुख

आज दुपारी सव्वाबारा वाजता तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी माझं पाचवं बोलणं झालं. माझ्याकडून ते शेवटचं. यापुढे जे असेल ते लेखी.

तुमचा ३/८ इंची क्लिक टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या मापाला बोल्ट कसला गेला की क्लिक करणारा पाना, मी ११ मार्चला २,८५० रुपयांना विकत घेतला. खोक्यावर १५ ते ८० न्यूटन-मीटर असं छापलेलं आहे. रेंचच्या नळीवर कसण्याच्या जोराच्या दोन मापपट्ट्या आहेत, एक न्यूटन-मीटरची आणि एक फूट-पाऊंडची, आणि त्यांची नावं एकमेकींच्या जागी छापली गेली आहेत. जिच्यावर न्यूटन-मीटर लिहिलंय ती खरी फूट-पाऊंडची पट्टी आहे. त्यामुळे २४ न्यूटन-मीटरवर लावलेला तुमचा रेंच प्रत्यक्षात साडेबत्तीसला क्लिक होतो. त्यात माझ्या मोटरसायकलच्या इंजिनाचे आटे गेले. आणि गेले तीन आठवडे तुमची माणसं मला एकच सांगताहेत, की मला रेंच वापरता येत नाही.

१ फूट-पाऊंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, हे हत्यारं बनवणाऱ्या कंपनीला मी शिकवायला नको. म्हणजे कुठल्याही रेघेवर न्यूटन-मीटरचा आकडा मोठाच असणार. ६० न्यूटन-मीटरसमोर ४४ फूट-पाऊंड यायला हवेत. माझ्या रेंचवर न्यूटन-मीटरच्या ४४ समोर फूट-पाऊंडचे ६० आहेत. खोक्यावर ८० लिहिलंय आणि रेंचवरची न्यूटन-मीटरची पट्टी ५९ ला संपते. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, रेंच हातात घेऊन एकदा बघावं लागतं. पहिल्या दिवशी मी खोकं आणि पट्टी ताडून पाहिली नाही, हे मी मान्य करते. पण विकण्याआधी ते बघण्याचं काम तुमचं होतं.

मला वापरता येत नाही म्हणता, तर मी कशी शिकले ते सांगते.

आमचं नागपूरच्या इतवारीत धान्याचं दुकान आहे. उधारीच्या वसुलीसाठी आठवड्यातून दोनदा मी माझ्या १५० सीसीच्या मोटरसायकलवर उमरेडकडे जाते. डिसेंबरात चेन ताणून घेतल्यावर परत येताना मागच्या चाकाचा नट ढिला निघाला. हाताने फिरत होता. त्या दिवशी ठरवलं की आपल्या गाडीचे बोल्ट आपण कसायचे, आणि अंदाजाने नाही, मापाने. शेजारचे काका अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेत, त्यांना म्हटलं शिकवा. त्यांनी दोन आठवडे मला गाडीला हात लावू दिला नाही. लोहाओळीतून किलोवर आणलेले जुने बोल्ट, एक व्हाइस आणि तुमचा रेंच, एवढ्यावर शिकवणी. मूठ बरोबर मधोमध धरायची, पुढे-मागे धरली की माप चुकतं. झटका द्यायचा नाही, एका संथ ओढीने यायचं. माप लावताना खालून वर यायचं. बराच वेळ पडून असलेला रेंच आधी तीन-चार वेळा नुसता क्लिक करून घ्यायचा, म्हणजे आतलं वंगण पसरतं. या रेंचने बोल्ट कधी खोलायचा नाही, त्याला साधा गोटी पाना आहे. काम झालं की पट्टी सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते. आणि क्लिक झाला की थांबायचं, पुन्हा एकदा करून बघायचं नाही. काका म्हणाले, "क्लिक झाला न, मंग हात सोडायचा. आणखी एक केला का माप गेलं." पंधरा दिवसांत माझा हात इतका बसला की डोळे मिटूनही मी पहिल्या क्लिकला थांबत होते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहिल्यांदा गाडीवर काम केलं. ऑइल सोडलं, ड्रेन बोल्ट पुसला, आटे कोरडे केले, नवीन तांब्याचं वायसर घातलं. गाडीच्या पुस्तिकेत ड्रेन बोल्टला २४ न्यूटन-मीटर दिलेत, तेवढेच लावले. ओढत गेले. हाताला बोल्ट बसल्याचं कळलं, पण क्लिक नाही. आणखी थोडं ओढलं. दोन आठवडे मी हेच शिकले होते, की हाताच्या अंदाजावर जायचं नाही, रेंचवर विश्वास ठेवायचा. तो ठेवला. आणि मग बोल्ट अचानक हलका झाला. ज्याने हे एकदा अनुभवलंय त्याला तो हलकेपणा कळेल. ॲल्युमिनियमचे आटे बोल्टच्या अंगावर तारेसारखे गुंडाळून बाहेर आले. सक्करदऱ्याच्या मेकॅनिकने पाहिलं आणि म्हणाला, "काहून इतका कसला ताई? हा तर खाऊन टाकला पूर्ण." हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी तारेचे नवीन आटे, बसवायला १,२०० रुपये गेले. नवीन ऑइलचा डबा वेगळा.

त्याच सकाळी, ड्रेन बोल्टच्या आधी, मी मागच्या चाकाचा नट ५४ ला कसला होता. तुमच्या पट्टीच्या हिशोबाने तो ७३ वर गेला. आटे बसवून गाडी परत आल्यावर त्याच नटावर मी दोनदा उमरेडला जाऊन आले. हे मला नंतर कळलं.

कसं कळलं, तेही ऐका, कारण तुमच्या माणसांना याचंच हसू आलं. मोजमाप आमचा धंदा आहे. दुकानातली लोखंडी वजनं दर दोन वर्षांनी वैधमापन शास्त्र विभागाकडून तपासून, शिक्का मारून घ्यावी लागतात. एका पहाटे, ऊन चढायच्या आत, काकांच्या व्हाइसमध्ये बोल्ट आडवा धरला, त्यावर गोटी (सॉकेट), गोटीत रेंच, जमिनीला समांतर. मुठीच्या मधल्या रेघेवर, चौकोनी टोकापासून बरोबर ३५ सेंटीमीटरवर, तारेने टोपली टांगली. टोपलीही वजनात धरली. ७ किलो गुणिले ९.८१ गुणिले ०.३५ म्हणजे २४ न्यूटन-मीटर. रेंचचं स्वतःचं वजनही खाली ओढतं, ते धरलं तर ७ किलोच्या आधीच क्लिक व्हायला हवा. ७ किलोला काही नाही. ८ ला नाही. ९ ला नाही. वर १०० ग्रॅम अलगद ठेवले आणि क्लिक झाला. पाच वेळा केलं. चार वेळा ९ किलो १०० ग्रॅम, एकदा ९ किलो २००. मग ज्या पट्टीवर तुम्ही फूट-पाऊंड लिहिलंय त्या पट्टीवर २४ लावले. ६ किलो ६०० ग्रॅमला क्लिक. पुन्हा पाच वेळा, पाचही वेळा तेवढ्यालाच.

म्हणजे तुमचा रेंच आतून चांगला आहे. स्प्रिंग चांगली, क्लिक स्वच्छ. फक्त त्यावर खोटं लिहिलंय. खोक्यातल्या प्रमाणपत्रात आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अधिक-उणे ४ टक्के लिहिलंय आणि इथे फरक ३५ टक्क्यांचा आहे. त्या प्रमाणपत्रावर रेंचचा अनुक्रमांकही नाही, ती जागा कोरी आहे. कोऱ्या जागेचं प्रमाणपत्र नेमकं कुठल्या रेंचचं?

आता फोन. पहिल्यात तक्रार क्रमांक मिळाला. दुसऱ्यात विचारलं की आट्यांना ऑइल लागलं होतं का. प्रश्न योग्य होता, कारण कसण्याच्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणात जातो आणि ऑइल लागलं की बोल्ट जास्त ताणला जातो. मी सांगितलं, आटे पुसले होते. त्या मुलीने नीट लिहून घेतलं, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्या आणि चौथ्या फोनला "अठ्ठेचाळीस तासांत कळवतो" एवढंच. कुणी कळवलं नाही.

पाचवा आजचा. चौदा मिनिटं गाणं ऐकवलं. मग एक गृहस्थ आले. मी तक्रार क्रमांक सांगितला, पट्ट्यांचं सांगितलं, वजनांचं सांगितलं, सगळे आकडे सांगितले. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मॅडम, घर में कोई जेंट्स हों तो उनको फोन दीजिए." मी म्हटलं, रेंच मी घेतलाय, गाडी माझी आहे, कसलं मी, तुम्ही माझ्याशी बोला. ते म्हणाले, "क्लिक की आवाज़ पर रुकना होता है, मॅडम." मी म्हटलं, माहीत आहे. "तो फिर आटा कैसे टूटा?" मी म्हटलं, तेच तर तुम्हाला चार फोनांपासून सांगतेय. तुमच्या गोदामातला याच मॉडेलचा एक रेंच हातात घ्या आणि ६० समोर काय लिहिलंय ते वाचा, मी थांबते. त्यांनी वाचलं नाही. फोन वरिष्ठांकडे दिला.

वरिष्ठ मराठीत बोलले, म्हणून मला जास्त लागलं. म्हणाले, "ताई, टॉर्क रेंच मेकॅनिकचं हत्यार आहे. हा काही मिक्सर नाही." मागे कुणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. मी विचारलं, मग खोक्यावर 'घरगुती दुरुस्तीसाठी उपयुक्त' असं तुम्ही का छापलंय? त्यावर उत्तर नाही. पुढे म्हणाले, "आणि किराण्याच्या वजनांनी कुणी टॉर्क चेक करतं का?" मी म्हटलं, त्या वजनांवर सरकारी शिक्का आहे, तुमच्या प्रमाणपत्रावर तर अनुक्रमांकही नाही. माझी पद्धत एक-दोन टक्क्यांनी चुकेल, पस्तीस टक्क्यांनी चुकणार नाही. पुन्हा सांगितलं, एक रेंच उचला आणि बघा. ते म्हणाले, "चुकीच्या वापराखाली केस बंद करतोय." आणि फोन ठेवला.

पंधरा वर्षं मी गल्ल्यावर बसते. काटा चुकला म्हणून कुणी ओरडत आलं तर आम्ही आधी काटा बघतो. गिऱ्हाईक बाई आहे का पुरुष, हे बघत नाही. तुमच्या दोन माणसांना रेंच बघायला दोन मिनिटं नव्हती, पण मी बाई आहे हे बघायला वेळ होता.

दुकानात बाबांच्या काळापासून तुमचेच रिंग पाने आहेत. कडा झिजल्यात, एकाही पान्याचं तोंड फाकलं नाही. म्हणून दुसरी कुठली कंपनी न बघता मी तुमचा रेंच घेतला. बाबा सगळ्यांना तुमचं नाव सांगायचे. आता माझ्याकडून कुणाला ते सांगितलं जाणार नाही.

मला हवंय ते असं. रेंचचे २,८५० रुपये, आट्यांचे १,२०० आणि ऑइलचे पैसे परत करा. चुकीच्या वापराचा जो शेरा माझ्या नावावर मारलाय तो खोडून मला लेखी कळवा. आणि मुख्य म्हणजे, माझ्याकडच्या रेंचच्या खेपेतला प्रत्येक रेंच बाजारातून मागवून तपासा. एका रेंचवर पट्ट्या उलट छापल्या गेल्यात तर बाकीच्यांवरही असणार. माझे ड्रेन बोल्टचे आटे गेले, ते १,२०० रुपयांत भागलं. उद्या कुणी याच रेंचने ब्रेक कॅलिपरचा बोल्ट कसेल, क्लिकची वाट बघत. तो बोल्ट रस्त्यावर तुटला तर?

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद करेन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करू शकते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी यावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. त्याच कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वावर वेगळं प्रकरण आहे, ते तुमच्या विधी विभागाने काढून ठेवावं.

रेंच मी कुरिअरने परत पाठवणार नाही. तो एकमेव पुरावा आहे आणि तुमच्या तपासणीवर आता माझा विश्वास नाही. खात्री करायची असेल तर तुमच्या गुणवत्ता विभागातला माणूस इतवारीत पाठवा. दुकान सकाळी १० ते रात्री ८ उघडं असतं. व्हाइस आणून ठेवलाय, वजनं दुकानातच आहेत.

नाव, पत्ता आणि फोन क्रमांक तुमच्याकडच्या बिलावर आहेत.

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही मापपट्ट्यांचे जवळून घेतलेले फोटो, कोऱ्या प्रमाणपत्राचा फोटो, वजनांच्या दहा नोंदींचा कागद, मेकॅनिकची पावती.

ता. क. पत्र बंद करता करता पुन्हा एकदा रेंच काढून बघितला. न्यूटन-मीटर ४४, समोर फूट-पाऊंड ६०. तुम्हीही बघा.