शब्दांविना पुस्तक आणि बाईंचे प्रश्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेच्या कपाटात आता शब्द नसलेली चित्रपुस्तकेही दिसतात, याचा आनंद आहे. पण वर्गात त्यांचे चित्रवर्णन होऊन बसते. बाई विचारतात, 'हे काय आहे?' मुले सांगतात, 'मांजर', 'विहीर', 'बादली'. तास संपतो. नामांची यादी होते, गोष्ट होत नाही.

गोष्ट दोन चित्रांच्या मधे असते. एका पानावर मांजर कठड्यावर, पुढच्या पानावर ओलेचिंब. मधले मुलाने रचायचे. म्हणून पहिल्या फेरीत मोठ्यांनी तोंड मिटून पुस्तक शेवटपर्यंत नुसते उलटावे. दुसऱ्या फेरीत आधी पात्रांना नावे द्यायला लावावीत. 'एक मुलगा'चा 'बंड्या' झाला की मागोमाग क्रियापदे येतात. पुढे दोनच प्रश्न पुरतात: 'मग?' आणि 'कशावरून?' दुसऱ्या प्रश्नाने मूल पुन्हा चित्रात शिरते आणि कोपऱ्यातली उपडी बादली त्याला तेव्हा सापडते.

एका पुस्तकाभोवती पाच-सहा मुलेच बसवावीत. चाळीस मुलांसमोर पुस्तक उंच धरले तर मागच्यांना फक्त रंग दिसतात. सगळ्यांच्या गोष्टी सारख्याच निघत असतील, तर एखादे धीट मूल आधी बोलून गेले असे समजावे. आधी जोडीजोडीत कुजबुजू द्यावे, मग मोठ्याने. मुलाचे वाक्य जसेच्या तसे टिपावे. 'व्हता'चे 'होता' करायची घाई नको. खोडरबर दिसला की मुले छोटी, सुरक्षित वाक्ये बोलू लागतात. आणि तात्पर्य तर मुळीच विचारू नये.

'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीविव्हर' या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर अशी पुस्तके मोफत मिळतात. मात्र काळ्या-पांढऱ्या छपाईत रंगावर बेतलेला धागा हरवतो: लाल फुगा आणि हिरवा फुगा सारखेच करडे दिसतात. फाटक्या पुस्तकांची पाने सुटी करून क्रम बदलण्याचा खेळही छान होतो, पण त्यासाठी दोन प्रती लागतात, कारण प्रत्येक पानाच्या पाठीवर दुसरे चित्र असते. पिना मारलेल्या पुस्तकात दोन पानांवर पसरलेले चित्र अखंड निघते ते फक्त मधल्या जोडपानावर.

मुलांना स्वतःचे पुस्तक करायला एक ए-फोर कागद पुरतो. घड्या घालून आठ चौकोन पाडावेत. कागद उलगडून आखूड कडा जुळवून एकदाच दुमडावा आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या घडीवर पुढच्या आडव्या घडीपर्यंतच कापावे. टोकापर्यंत कापले की कागदाचे दोन तुकडे हातात येतात. मग उलगडून लांब कडा जुळवून दुमडावा, दोन्ही टोके आत ढकलून पाने मिटावीत. मुखपृष्ठ व मलपृष्ठ सोडून सहा पाने उरतात. पहिल्या गोष्टीला तेवढी भरपूर.

ग्रंथखरेदी करणाऱ्यांना एक विनंती: वीस शीर्षकांची एकेक प्रत घेण्याऐवजी पाच शीर्षकांच्या चार-चार प्रती घ्याव्यात. चार गटांना एकाच वेळी एकच पुस्तक मिळाले, तरच एका चित्रातून चार गोष्टी कशा निघतात हे मुलांना शेजारी ऐकून कळेल.

आपले,
बालवाचनालयातील कार्यकर्ते, सातारा