रविवारी मजल्यांमधून वायर ओढायची आहे

सर्व सभासदांना,

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता तळमजल्याच्या मेन बोर्डापासून पहिल्या मजल्यापर्यंत नवी वायर ओढायची आहे. मदतीला येणाऱ्यांनी पावणेनऊला मेन बोर्डापाशी जमावे. जोडणी परवानाधारक वायरमनच करतील. दुपारी १ पर्यंत सप्लाय बंद; मेन स्विचला कुलूप आणि चावी वायरमनकडेच. ‘दोनच मिनिटं चालू करा’ असा आग्रह कृपया कोणी धरू नये, वर कुणाचा तरी हात उघड्या तारेवर असतो.

- एका सर्किटची फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच पाइपातून. इंटरनेटची केबल वेगळ्या पाइपातून.
- पाइपाचा साधारण ४० टक्केच भाग वायरने भरायचा. ठासून भरली की ओढताना इन्सुलेशन सोलवटतं आणि नंतर उष्णताही बाहेर पडत नाही.
- एकाने खालून वायर सारायची, दुसऱ्याने वरून सावकाश ओढायची. अडली तर हिसका देऊ नका, मागे घ्या. टाल्कम पावडर चालेल. तेल, ग्रीस नको.
- पाइपात जोड अजिबात नको. वायर कमी पडली तर पूर्ण नवी घालू.
- उभ्या वायरचा भार टर्मिनलवर येता कामा नये. स्क्रू सैल पडतो, तिथेच तापतं. वरच्या बॉक्सात क्लॅम्प लावावा.

स्लॅबचं भोक फायर सीलंटनेच बुजवायचं. साधा फोम पेट घेतो आणि उघडं भोक धुराला थेट वर नेतं.

सप्लाय सोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासणी होईल. त्यासाठी टीव्ही, फ्रिज, चार्जर यांचे प्लग आदल्या रात्रीच काढून ठेवा.