तुला कधी विचारलंच नाही

टस्कलूसा, अलाबामा
सोमवार, ३ डिसेंबर २०१८

प्रिय बाळ्या,

दिवाळीला तुझा फोन येऊन गेला आणि मी उलटा केला नाही. त्याआधी गणपतीतही तेच. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात, आईचा गुडघा होता तसाच. ते सोड.

परवा शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला, म्हणजे तू रविवारी पहाटे रंकाळ्यावर फिरायला निघाला असशील तेव्हा, मी इथं टीव्हीसमोर उभा राहून रडलो. घळाघळा रडलो, गड्या. हिनं विचारलं काय झालं, चिनूनं विचारलं काय झालं, आणि मला दोघांनाही सांगता येईना. जे सांगायचं होतं ते तुलाच कळणार आहे, आणि तुलाच ते पंचवीस वर्षं सांगितलेलं नाही.

इथला फुटबॉल तुला माहीत नाही. हातात धरून पळायचा तो. कॉलेजच्या पोरांचा असला तरी आपल्या कोल्हापुरात पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की पेठांतली दुकानं जशी लवकर बंद होतात, तसं इथं अख्ख्या राज्याचं होतं. टस्कलूसा गाव साधारण लाखभर वस्तीचं, आणि विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये माणसं बसतात लाखावर. ह्यात क्वार्टरबॅक म्हणून एक जागा असते. प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो. कुणाला द्यायचा, कुठं फेकायचा, का स्वतःच घेऊन पळायचं, ते दोन-तीन सेकंदांत त्यानं ठरवायचं. तुला एवढंच सांगतो, ती गोलकीपरसारखी जागा आहे. बाकी कुणालाही इकडं तिकडं सरकवून खेळवता येतं. ही जागा एकाचीच. एक आत असला की दुसरा बाहेरच.

जेलन हर्ट्स म्हणून पोरगा. टेक्सासचा, वडील शाळेत फुटबॉलचे कोच. २०१६ साली कॉलेजात आला आणि पहिल्याच वर्षी ही जागा मिळाली. पहिल्या वर्षातल्या पोराला अलाबामानं क्वार्टरबॅक म्हणून उतरवायची ती ३२ वर्षांतली पहिली वेळ. दोन वर्षांत २८ मॅच, त्यातल्या २६ जिंकल्या. पहिल्या वर्षीच्या फायनलला शेवटची दोन मिनिटं उरली असताना स्वतः ३० यार्ड पळत जाऊन टीमला पुढं नेलं, आणि एक सेकंद बाकी असताना क्लेमसननं ती मॅच नेली. त्या रात्री गावात मयत झाल्यासारखं होतं.

मग ह्या वर्षीचा जानेवारी. ८ तारखेला अटलांटात फायनल, समोर जॉर्जिया. हाफटाइमला ०-१३. जेलननं आठ वेळा चेंडू फेकला, तीनच लागले, मिळून २१ यार्ड. आणि हाफटाइमनंतर टीम मैदानात आली तेव्हा त्याच्या जागी दुसराच पोरगा. तुआ टॅगोवायलोआ, हवाईचा, डावखुरा, कॉलेजातलं पहिलंच वर्ष. निक सेबन म्हणून कोच आहे, इथं त्यांना देवासारखं मानतात, त्यांनी लॉकर रूममध्ये ठरवलं आणि बदललं.

हाफटाइमला, बाळ्या. मागं पडलेलो असताना. तुला कळलंच असेल मी कुठं पोचलो ते.

उरलेली मॅच तुआनं फिरवली. २०-२० झाले, जादा वेळ. तिथं पहिल्याच डावाला त्याला १६ यार्ड मागं पाडलं, आणि सगळं संपलं असं वाटत असताना पुढच्याच डावाला त्यानं ४१ यार्ड लांब फेकला. डेव्हॉन्टा स्मिथनं पळता पळता घेतला आणि मॅच खलास, २६-२३. इथं माणसं रस्त्यावर आली, हॉर्न, फटाके. आणि मी टीव्हीवर तुआला बघत नव्हतो. बाहेरच्या रेषेवर जेलन दिसतो का ते बघत होतो. दिसला. दोन्ही हात वर करून उड्या मारत होता. तुआला मिठी मारत होता.

तूही मारली होतीस. मॅच संपल्यावर मला उचलून घेतलंस, आणि सरांची शिट्टी तोंडात घालून अख्ख्या ग्राउंडभर वाजवत पळालास. सगळे म्हणाले, बाळ्या मोठ्या मनाचा. मीही म्हणालो. म्हणून मोकळा झालो.

मला अजून ते ग्लोव्हज आठवतात. टीमकडं एकच जोडी, तीही तुझी स्वतःची, चुलत्यांनी मुंबईहून आणलेली. तू ते उशाला घेऊन झोपायचास, आणि काकू म्हणायच्या ह्याचं लग्न त्या ग्लोव्हजशीच लावून टाका. त्या दिवशी सर म्हणाले, पक्या, तू जा. एवढंच. तू काही बोलला नाहीस. खाली बसलास, दातानं पट्टी सोडवलीस, एक काढला, दुसरा काढला, आणि माझ्या हातात दिलेस. आतून ओले होते. गरम होते. मी ते घातले तेव्हा तुझ्याच हातात हात घातल्यासारखं वाटलं, आणि लगेच ते विसरून मी पळत आत गेलो. पुढं दीड वर्ष मी त्याच ग्लोव्हजवर खेळलो, आणि तू पाण्याची कळशी घेऊन बाहेर. एकदाही मागितले नाहीस.

जेलनचं ऐक. जानेवारीनंतर सगळे म्हणत होते की तो आता कॉलेज सोडणार. ह्या वर्षी नवीन नियम आलाय, चार मॅचपर्यंतच खेळून थांबलं तर ते वर्ष खेळल्यात धरत नाहीत, दुसऱ्या कॉलेजात गेलं तरी वाया जात नाही. तिकडं क्लेमसनमध्ये नेमकं तेच झालं, नवीन पोराला जागा दिली आणि आधीचा चार मॅचनंतर निघून गेला. त्यालाही मी चूक म्हणत नाही. जेलन मात्र पाचव्या मॅचलाही उतरला, म्हणजे राहिला. पण ऑगस्टमध्ये पत्रकारांसमोर तो एक बोलून गेला, ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाला, इतक्या महिन्यांत मला कुणी, अगदी कोचनंही, येऊन विचारलं नाही की तुला कसं वाटतंय.

ते वाचलं त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. तुला फोन लावायला नंबर काढला, आणि ठेवून दिला. दिवाळीचा फोनही मी त्याच्यामुळंच चुकवला. काय बोलणार होतो?

आता शनिवार. तेच स्टेडियम, समोर तीच जॉर्जिया. तुआ खेळत होता, पण जमत नव्हतं, पाय आधीच दुखावलेला. चौथ्या भागात, अकरा-एक मिनिटं राहिली असताना, २१-२८ मागं असताना, त्याचा घोटा गेला. लंगडत बाहेर आला. आणि जेलननं हेल्मेट चढवलं.

पहिल्यांदा त्यानं जेरी ज्युडीला फेकून बरोबरी केली. मग जॉर्जियानं चेंडू लांब मारायचं नाटक करून पळायचा डाव टाकला, तो फसला. आणि एक मिनिट चार सेकंद राहिलेले असताना जेलन स्वतः १५ यार्ड पळत गेला. ३५-२८. जिथं काढला होता तिथंच. आणि ह्या खेपेला तुआ बाहेरून उड्या मारत होता, एका पायावर.

मी उभा राहून रडत होतो तेव्हा चिनू माझ्याकडं बघून म्हणाला, “पण बाबा, ह्यासाठी तुआचा पाय जावा लागला.”

चिनूचं तुला सांगितलेलंच नाही. तो शाळेच्या टीमचा क्वार्टरबॅक होता. छोटी शाळा, छोटी टीम, पण होता. आमच्यात कुणी हा खेळ बघितलेलाही नव्हता, आणि हा पोरगा मागच्या अंगणात पिकानच्या झाडाला टायर टांगून रोज दोनशे वेळा त्यातून चेंडू फेकायचा. ऑक्टोबरात लागोपाठ तीन मॅच हरले आणि कोचनं त्याची जागा नववीतल्या पोराला दिली. कोच चांगला माणूस आहे, आणि खरं सांगायचं तर तो पोरगा चिनूपेक्षा चांगला फेकतो. तेच तर अवघड आहे. अन्याय झाला असता तर भांडता आलं असतं. चिनू राहिलेल्या सगळ्या मॅचला बाहेर उभा राहून खुणा करत होता, त्या पोराची पाठ थोपटत होता, आणि घरी येऊन न बोलता झोपत होता. आता म्हणतो पुढच्या वर्षी खेळणार नाही. ही म्हणते दुसरी शाळा बघू. मी काहीच म्हणत नाही. काल टायर बघायला गेलो तर त्याच्या तळात पावसाचं पाणी साठलेलं, त्यात पानं कुजलेली. मी ते ओतूनही टाकलं नाही. त्याचं त्यानं ओतावं असं वाटलं.

आणि परवा तो ते बोलल्यावर पुढं म्हणाला, “मग मी काय करायचं? वर्षभर त्याचा पाय मोडायची वाट बघायची?”

मी काय सांगणार, बाळ्या? मी बाहेर बसलोच नाही कधी. मी आत गेलेला माणूस आहे.

आता खरी गोष्ट. सेमीफायनलच्या आधी दोन दिवस प्रॅक्टिसला माझं उजव्या हाताचं मधलं बोट निखळलं होतं. तू त्या दिवशी गावाला होतास. मी तालमीतल्या वस्तादांकडं जाऊन बसवून घेतलं, दोन बोटं एकत्र बांधली आणि वरून ग्लोव्हज घातले. सरांना सांगितलं नाही. पिंट्यालाही नाही. सांगितलं असतं तर तू उतरला असतास. मला ते नको होतं. टीमसाठी खेळलो, दुखणं सोसलं, असं काही नव्हतं. तू आत जाऊन चांगला खेळलास तर माझी जागा जाईल, एवढंच डोक्यात होतं.

त्या गोलवरून आपण किती भांडलोय! लग्नात भांडलो, तुझ्या घराच्या वास्तुशांतीला जेवणावरून उठेपर्यंत भांडलो. तू म्हणतोस चेंडू बचावाच्या पोराला लागून फिरला, तो गोल कुणीही खाल्ला असता. मी नुसता ‘असंल’ म्हणत आलो. फिरला नव्हता, गड्या. सरळ माझ्या हातात आला होता. हातात बळच नव्हतं. तू असतास तर धरला असतास. पंचवीस वर्षं तू माझी बाजू घेऊन लोकांशी भांडतोयस, आणि मी तुला भांडू दिलं.

म्हणून शनिवारी तुआ लंगडत बाहेर आला आणि जेलन आत गेला ते बघताना मला राहवलं नाही.

तू चिडलास तर चीड. महिनाभर फोन उचलू नकोस, चालेल. पण दोन गोष्टींचं उत्तर दे. एक, बाहेर बसलेला असताना तुला कसं वाटत होतं? ती मिठी, ती शिट्टी नको सांगू. रात्री घरी गेल्यावर कसं वाटायचं ते सांग. माझं बोट मोडावं असं कधी वाटलं का? वाटलं असेल तर तसंच सांग, मला उलट बरं वाटेल. आणि दोन, तरीसुद्धा रोज प्रॅक्टिसला कसा येत होतास? पावसाळ्यात सुद्धा, चिखलात, मला शंभर-शंभर चेंडू मारायला? कशासाठी?

माझ्यासाठी विचारतोयच, पण चिनूसाठी जास्त. त्याला जेलनच्या गोष्टीचा उपयोग नाही, जेलनला शेवटी आत जायला मिळालं. ह्याच महिन्यात त्याची पदवीही होतेय, मग दुसऱ्या कॉलेजात जाऊन खेळेल, त्याचं सोनं होईल. तुला परत आत जायला मिळालंच नाही. तरी तू खेळ सोडला नाहीस, अजून शाहू स्टेडियमला प्रत्येक मॅचला जातोस, पेठेतल्या पोरांना गोलमध्ये उभं करतोस. ते कसं, हे त्याला तुझ्याकडून ऐकायचंय. म्हणजे मला त्यानं ऐकावं असं वाटतंय.

तुझ्या नव्या दुकानाचे फोटो पिंट्यानं पाठवले, पाटी झकास झालीय. धनूचं बारावीचं वर्ष ना? तिला म्हणावं काकानं आठवण काढलीय. वहिनींची शिवणकामाची ऑर्डर मोठी मिळाली असं आई म्हणत होती, अभिनंदन सांग. आण्णांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का?

ग्लोव्हज आमच्या आईकडं, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. मी तिला सांगितलंय, बाळ्या आला तर देऊन टाक. चामडं कडक झालंय म्हणाली. जाऊन घे.

रविवारी आमच्या सकाळी नऊला, म्हणजे तुझ्या रात्री साडेआठला, चिनू घरात असतो. मराठी नीट कळतं, उत्तर इंग्रजीत देतो, पण तू कोल्हापुरीतच बोल. बोटाचं त्याला सांगितलंस तरी चालेल. मी त्या वेळी बाहेर जाईन.

तुझा,
पक्या